सिम्युलेटरवरील हवाई लढाईसाठी पुस्तके कशी निवडावीत

डीसीएस, फाल्कन बीएमएस, आयएल-२ किंवा वॉर थंडर यांपैकी एखाद्या सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर लढाऊ विमान उडवण्याच्या खेळावर, काही महिने घालवलेल्या खेळाडूची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. इंजिन सुरू करणे, धावपट्टीवरून उठणे, ठरलेल्या दिशेने जाणे आणि पुन्हा सुखरूप उतरणे इथवर सगळे जमते. समोर दुसरे लढाऊ विमान आले की मात्र दोन-तीन वळणांत ते आपल्या पाठीशी येऊन बसते आणि असे का झाले, हे कळतही नाही. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, मालवण अशा गावांतून या छंदात पडलेल्या तरुणांकडून मग एक प्रश्न हमखास येतो : या विषयावर चांगले पुस्तक कोणते? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला एका पुस्तकाचे नाव सांगून मोकळे होता येत नाही, कारण १९१६ च्या बायप्लेनची, म्हणजे एकावर एक पंख असलेल्या विमानाची लढाई, १९४० च्या स्पिटफायरची लढाई आणि रडारवर चालणाऱ्या क्षेपणास्त्रांची लढाई यांचे मूळ शास्त्र एक असले, तरी व्यवहार फार वेगळा आहे. म्हणून पुस्तकाच्या शोधाला निघण्यापूर्वी आपण कोणत्या काळातले विमान उडवतो आणि त्याचे मुख्य शस्त्र कोणते आहे, हे आधी ठरवावे लागते. चुकीच्या काळाचे उत्तम पुस्तक खेळाडूला मदत करण्याऐवजी गोंधळात टाकते.

सिम्युलेटरबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेकडून या बाबतीत फारशी अपेक्षा ठेवू नये. कोणते बटण कशासाठी आहे, रडारची पद्धत कशी बदलायची, इंधन किती उरले हे कुठे पाहायचे, एवढे ती नीट सांगते. ते बटण कोणत्या क्षणी दाबायचे आणि त्या क्षणी आपले विमान प्रतिस्पर्ध्याच्या मानाने कुठे असायला हवे, हा डावपेचांचा विषय आहे आणि त्यासाठी वेगळे वाचन लागते. याला एक सन्माननीय अपवाद आहे. फाल्कन बीएमएसबरोबर मिळणारी प्रशिक्षण पुस्तिका सरावाची मोहीम आणि त्यामागचा विचार अशी जोडी लावून शिकवते. त्यातले एफ-१६ हे अमेरिकी लढाऊ विमान उडवणाऱ्याने बाहेरचे काही विकत घेण्यापूर्वी ती शेवटपर्यंत वाचावी.

दोन हिशेब, जे कोणत्याही चांगल्या पुस्तकात असतात

चांगले पुस्तक ओळखायचे कसे, हे समजण्यासाठी त्या पुस्तकात काय असायला हवे याची थोडी कल्पना आधीच असली पाहिजे. हवाई लढाईचा पाया दोन गोष्टींवर आहे : विमानाजवळची ऊर्जा आणि वळणाची भूमिती. या दोन्ही गोष्टी अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे आकडे पाहून बिचकण्याचे काही कारण नाही.

आधी ऊर्जा. विमानाची उंची आणि वेग ही एकाच भांडवलाची दोन रूपे आहेत. साखरप्याहून आंबा घाट चढणारी गाडी इंधन जाळून उंची कमावते आणि परत उतरताना तीच उंची तिला फुकट वेग देते, तसेच हे आहे. आता दोन विमाने घेऊ. पहिले ३००० मीटर उंचीवर सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर वेगाने जात आहे. दुसरे १५०० मीटरवर सेकंदाला २५० मीटर, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात आहे. नवख्या खेळाडूला दुसरे विमान वरचढ वाटते, कारण वेगाचा आकडा मोठा आहे. परंतु वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय त्वरणाच्या दुपटीने भागले, की त्या वेगाची किंमत उंचीच्या भाषेत मिळते. पहिल्या विमानाच्या वेगाची किंमत सुमारे २०४० मीटर आणि दुसऱ्याच्या वेगाची सुमारे ३१९० मीटर भरते. प्रत्यक्ष उंचीत ती मिळवली, तर पहिल्याकडे एकूण सुमारे ५०४० मीटर आणि दुसऱ्याकडे ४६९० मीटर होतात. म्हणजे मंद दिसणारे विमानच साडेतीनशे मीटरने श्रीमंत आहे आणि ते खाली सूर मारून ही श्रीमंती हव्या त्या क्षणी वेगात बदलू शकते.

ही दृष्टी लढाऊ विमानांच्या अभ्यासात रुजवण्याचे मोठे श्रेय अमेरिकी हवाई दलाचे जॉन बॉइड यांना जाते. त्यांनी १९६० च्या दशकात गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांच्या साहाय्याने ऊर्जा आणि हालचाल यांचा सिद्धान्त मांडला. कोणत्या उंचीवर आणि कोणत्या वेगाला एखादे विमान ऊर्जा कमावते आणि कुठे गमावते, याचे आलेख त्यातून तयार झाले. आज सिम्युलेटरचे खेळाडू दोन विमानांचे जे तुलनात्मक आलेख एकमेकांना दाखवत असतात, त्यांचे मूळ हेच काम आहे.

दुसरा हिशेब वळणाचा. पातळी न सोडता घेतलेल्या आडव्या वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि विमानावर घेतलेल्या जी-भाराबरोबर कमी होते; १ जी म्हणजे नेहमीचे वजन, ७ जी म्हणजे त्याच्या सातपट भार. सेकंदाला ३०० मीटर वेगाने जाणारे विमान ७ जी सोसत वळले, तरी त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १३२५ मीटर भरते, नाक सेकंदाला सुमारे १३ अंश फिरते आणि पूर्ण फेरीला जवळजवळ २८ सेकंद लागतात. सेकंदाला १५० मीटर वेगाचे विमान केवळ ५ जी घेऊनही सुमारे ४७० मीटर त्रिज्येत वळते, त्याचे नाक सेकंदाला १८ अंशांहून अधिक फिरते आणि २० सेकंदांच्या आत फेरी पूर्ण होते. थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पुढे ढकलून स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पोटाशी ओढली की विमान जोरात वळेल, ही समजूत या एका आकडेमोडीने गळून पडते. जास्तीत जास्त जी-भार ज्या किमान वेगाला घेता येतो, त्याला कॉर्नर स्पीड म्हणतात. आपल्या विमानाचा हा आकडा माहीत नसताना लढाईत उतरणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याला आधीच सवलत देण्यासारखे आहे.

यातून पुस्तकाची कसोटी आपोआप निघते. एखादा डाव सांगताना लेखक उंची, वेग, शस्त्र आणि दोन्ही विमानांचा प्रकार यांविषयीची आपली गृहीतके सांगतो का, हे पाहावे. तो डाव कधी फसतो हे सांगतो का, हेही पाहावे. आकृती असेल, तर दोन्ही विमानांच्या एकाच क्षणाच्या जागांना एकच क्रमांक दिलेला आहे का, हे तपासावे. तसा क्रमांक नसेल, तर ती आकृती शोभेची आहे, असे समजावे. शूर वैमानिकांच्या गोष्टी आणि विमानांची रंगीत छायाचित्रे यांनी भरलेली जाडजूड पुस्तके या कसोटीला बहुधा उतरत नाहीत. ती वाचायला हरकत नाही, मात्र लढाई शिकायला म्हणून ती घेऊ नयेत.

शॉ यांचे पुस्तक

सिम्युलेटरच्या जगात ज्याचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, ते पुस्तक म्हणजे अमेरिकी नौदलात लढाऊ वैमानिक असलेल्या रॉबर्ट शॉ यांचे ‘फायटर कॉम्बॅट : टॅक्टिक्स अँड मनूव्हरिंग’. ते १९८५ मध्ये अमेरिकेच्या नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने प्रसिद्ध केले. या पुस्तकाची रचनाच शिकवणारी आहे. पहिले प्रकरण शस्त्रांवर आहे, कारण तोफ कुठून लागू पडते आणि क्षेपणास्त्र कुठून, यावरच विमानाने कुठे जाऊन पोहोचायचे हे ठरते. त्यानंतर मूलभूत हालचाली येतात, मग एकास एक अशी लढत येते, आधी सारख्या विमानांची आणि नंतर वेगवेगळ्या गुणांच्या विमानांची. पुढे दोनास एक, दोनास दोन आणि अनेक विमानांची गर्दी, असा विस्तार होत जातो.

यातील वेगवेगळ्या गुणांच्या विमानांचे प्रकरण सिम्युलेटरच्या खेळाडूसाठी सर्वांत मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन लढाईत आपल्यासमोर नेमके आपलेच विमान क्वचित येते. हलके, मंद पण चपळ विमान आणि जड, वेगवान विमान यांनी एकमेकांशी कसे लढावे, वेगवान विमानाने वळणाच्या मोहात न पडता उंचीचा वापर का करावा आणि चपळ विमानाने त्याला पळून जाऊ न देता वळणात कसे अडकवावे, हे शॉ दोन्ही बाजूंनी बसून समजावतात. आयएल-२ मध्ये फोके-वुल्फ हे वेगवान जर्मन विमान घेऊन चपळ स्पिटफायरशी गोल गोल फिरत बसणाऱ्याने हे प्रकरण वाचले, तर त्याचा खेळ नक्की बदलेल.

त्यातलाच एक डाव जवळून पाहू. आपण प्रतिस्पर्ध्याच्या मागे आहोत, तो डावीकडे वळतो आहे आणि आपला वेग त्याच्याहून जास्त आहे. त्याच्याच पातळीत वळत राहिलो, तर आपली त्रिज्या मोठी पडते, आपण त्याच्या वर्तुळाबाहेर फेकले जातो आणि क्षणात तो आपल्या मागे येतो. अशा वेळी हाय यो-यो नावाची हालचाल करतात. पंख थोडे सरळ करून नाक वर उचलायचे, म्हणजे जादा वेग उंचीत साठवला जातो आणि वेग घटल्यामुळे वळण आखूड होते. माथ्यावर पोहोचल्यावर विमान प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने कलवायचे. आता गुरुत्वाकर्षणही त्याच दिशेला ओढत असल्यामुळे नाक झपाट्याने फिरते आणि आपण साठवलेली उंची खर्च करत त्याच्या वर्तुळाच्या आत उतरतो. एवढे वाचून सोपे वाटते. खरी मेख वेळेत आहे. हालचाल उशिरा सुरू केली, तर वर्तुळाबाहेर फेकले जाणे टळत नाही. गरजेपेक्षा जास्त वर गेलो, तर प्रतिस्पर्ध्याला सुटून जायला किंवा नाक वर करून आपल्यासमोर यायला उसंत मिळते. चांगले पुस्तक डावाबरोबर ही मेखही दाखवते.

शॉ यांचे पुस्तक पहिले म्हणून घ्यावे का? माझ्या मते घेऊ नये. चारशेहून अधिक पानांचे ते दाट लेखन आहे आणि ज्याने अजून पन्नासएक लढती हरलेल्या नाहीत, त्याला त्यातील प्रश्नच ओळखीचे वाटणार नाहीत. जेट विमानाच्या खेळाडूने आधी पीट बोनानी यांचे ‘आर्ट ऑफ द किल’ मिळते का पाहावे. एफ-१६ चे वैमानिक असलेल्या बोनानी यांनी ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फाल्कन ३.० या सिम्युलेटरच्या खेळाडूंसाठीच लिहिले. हल्ला, बचाव आणि समोरासमोरची गाठ एवढाच त्याचा आवाका आहे आणि हा मर्यादितपणाच नवशिक्याच्या फायद्याचा आहे. छापील प्रत दुर्मीळ आहे. ती मिळाली नाही, तर माइक स्पिक यांचे ‘फायटर पायलट टॅक्टिक्स’ घ्यावे. पहिल्या महायुद्धापासून डावपेच कसे बदलत गेले, याचा क्रम त्यात सोप्या भाषेत दिला आहे.

शॉ यांची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. पुस्तक निघाले, त्या वेळी अॅमराम हे स्वतःचे रडार असलेले अमेरिकी क्षेपणास्त्र सेवेत दाखल झालेले नव्हते. ते १९९१ मध्ये आले. त्यामुळे डीसीएसमधील एफ-१८ किंवा एफ-१६ घेऊन तीस-चाळीस किलोमीटरवरून लढणाऱ्याला दूर पल्ल्याच्या लढाईचे आजचे उत्तर त्यात मिळणार नाही. त्यासाठी अमेरिकी नौदलाच्या हवाई प्रशिक्षण विभागाने स्वतः जाहीरपणे उपलब्ध करून दिलेल्या शिकाऊ वैमानिकांच्या पुस्तिका पाहाव्यात. हवेतल्या मूलभूत लढाऊ हालचाली आणि रडारच्या साहाय्याने शत्रूला गाठणे, हे दोन्ही विषय त्यांत पायरीपायरीने येतात. वायुगतिशास्त्र कच्चे असेल, तर ह्यू हर्ट यांचे ‘एरोडायनॅमिक्स फॉर नेव्हल एव्हिएटर्स’ हे अमेरिकी नौदलासाठी लिहिलेले पुस्तकही विनामूल्य मिळते. जुने असले, तरी पंख, उचल आणि स्टॉल (पंखांची उचल अचानक तुटणे) यांविषयी त्यात जे आहे, ते आजही तितकेच खरे आहे.

येथे एक कळकळीची सूचना करणे भाग आहे. इंटरनेटवर सेवेतील विमानांच्या म्हणून काही पुस्तिका फिरत असतात. ज्या संस्थेने ती पुस्तिका काढली, तिने स्वतः ती सर्वांसाठी खुली केलेली नसेल, तर ती उतरवून घेऊ नये, विकत घेऊ नये आणि पुढेही पाठवू नये. एफ-१६ च्या पुस्तिका मिळवण्यावरून एका सिम्युलेटर कंपनीच्या कर्मचाऱ्याला २०१९ मध्ये अमेरिकेत खटल्याला सामोरे जावे लागले होते. आपल्याकडेही १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू आहे. खेळाच्या हौसेपायी त्या वाटेला जाण्याची काहीच गरज नाही, कारण उघडपणे मिळणारे साहित्यच काही वर्षे पुरेल एवढे आहे.

प्रत्यक्ष लढायांची पुस्तके

डावपेचांच्या पुस्तकांत लढाई स्वच्छ कागदावर आखलेली असते. खऱ्या लढाईत ऊन डोळ्यांवर येते, रेडिओवर दोघे एकदम बोलतात, इंधन संपत येते आणि शत्रू दिसतच नाही. ही दुसरी बाजू इतिहास आणि आत्मकथने वाचून कळते आणि तिच्याशिवाय पहिली बाजू अर्धवट राहते.

भारतीय वाचकाने येथे परक्या आकाशातून सुरुवात करण्याचे कारण नाही. पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ च्या हवाई युद्धावर लिहिलेले पुस्तक २००५ मध्ये आले आणि १९७१ मधील बांगलादेशच्या आघाडीवरचे त्यांचे ‘ईगल्स ओव्हर बांगलादेश’ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही बाजूंचे दावे आणि प्रत्यक्ष नुकसान पडताळून पाहण्याची त्यांची पद्धत खेळाडूलाही शिस्त लावते. ३ सप्टेंबर १९६५ ची चकमक घ्या. भारतीय मिस्टेअर विमाने पाकिस्तानी रडारला दिसतील अशी आमिष म्हणून उडाली आणि नॅट ही छोटी भारतीय लढाऊ विमाने अगदी खालून, नजरेआड राहून आली. पाकिस्तानची सेबर आणि स्टारफायटर विमाने आमिषाकडे ओढली गेली, तेव्हा नॅटनी गाठ घातली. नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांना त्या दिवशी सेबर पाडल्याचे श्रेय मिळाले; पाकिस्तानी नोंदींनुसार ते सेबर जायबंदी होऊन तळावर परतले. सिम्युलेटरमध्ये चार मित्र एकत्र उडत असतील, तर ही आमिषाची योजना जशीच्या तशी करून पाहता येते आणि कोणी किती उंचीवर, किती अंतर राखून यायचे, हा प्रश्न सुटेपर्यंत ती का फसते, हेही पाहता येते.

पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर २२ नोव्हेंबर १९७१ ला झालेल्या बोयराच्या लढाईत २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या चार नॅटनी पाकिस्तानी सेबरवर झडप घातली. दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले आणि त्यांतील एक जण पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. या लढाईचे वर्णन वाचताना नॅटच्या आकाराकडे लक्ष द्यावे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेसात मीटर एवढेच ते विमान होते. सेबरचा पंखविस्तार अकरा मीटरांहून जास्त होता. जे उशिरा दिसते, ते आधी मारते. सिम्युलेटरमध्ये समोरचे विमान दिसणे पडद्याच्या रिझोल्यूशनवर आणि बसण्याच्या अंतरावरही अवलंबून असते. नवे पुस्तक घेण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासून पाहाव्यात, असे मी आवर्जून सांगेन.

दुसऱ्या महायुद्धाची विमाने उडवणाऱ्यांसाठी साहित्य अमाप आहे. त्यात निवड करावी लागते. ब्रिटनच्या जॉनी जॉन्सन यांचे ‘विंग लीडर’ (१९५६) चार विमानांची रचना हवेत कशी राखावी हे मनावर बिंबवते. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांवरचा जॉन लुंडस्ट्रॉम यांचा ‘द फर्स्ट टीम’ (१९८४) हा ग्रंथ वाचायला अवघड आहे, पण पर्ल हार्बरपासून मिडवेपर्यंतची प्रत्येक झुंज तो नकाशासह उलगडतो. झीरो हे जपानी विमान आपल्या वाइल्डकॅटपेक्षा चपळ आहे, हे कळल्यावर याच नौदलाचे वैमानिक जॉन थॅच यांनी घरी टेबलावर काड्या मांडून दोन-दोन विमानांनी एकमेकांकडे वळत राहण्याची रचना शोधली. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती प्रत्यक्ष वापरली गेली. व्हिएतनाममध्ये स्वतः फँटम हे अमेरिकी लढाऊ विमान उडवलेल्या मार्शल मिशेल यांचे ‘क्लॅशेस’ (१९९७) क्षेपणास्त्रांच्या सुरुवातीच्या काळाचा परखड हिशेब मांडते. स्पॅरो क्षेपणास्त्र दहांत साधारण एखादेच लागत होते आणि सुरुवातीच्या फँटमला तोफच बसवलेली नव्हती. अमेरिकी नौदलाने मार्च १९६९ मध्ये टॉपगन ही शाळा का काढली, हे या पुस्तकातून नीट समजते.

कोकणातल्या वाचकाला एक पुस्तक अधिक जवळचे वाटावे. गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरून २०१६ पर्यंत सी हॅरिअर विमाने उडत होती. बोगमाळो येथील नौदलाच्या हवाई संग्रहालयात सी हॅरिअर आणि त्याच्या आधीचे सी हॉक ही विमाने हात लावण्याइतक्या अंतरावरून पाहता येतात. सावंतवाडी-कुडाळकडच्या कोणालाही सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतके ते जवळ आहे. याच जातीच्या ब्रिटिश सी हॅरिअरने १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात काय केले, ते त्या युद्धात स्वतः लढलेल्या शार्की वॉर्ड यांच्या ‘सी हॅरिअर ओव्हर द फॉकलंड्स’ या पुस्तकात आहे. इंजिनाचे झोत पुढे वळवून हवेत अचानक मंदावण्याच्या हॅरिअरच्या करामतीविषयी खेळाडूंमध्ये फार बोलले जाते, परंतु त्या युद्धातील विजय तिच्या जोरावर मिळालेले नव्हते. साइडवाइंडर या क्षेपणास्त्राची नवी आवृत्ती आणि ब्रिटिश वैमानिकांचे कसून झालेले प्रशिक्षण यांचा त्यात मोठा वाटा होता. शिवाय अर्जेंटिनाची विमाने आपल्या तळापासून इतकी दूर आलेली असत, की थांबून झुंज घेण्याएवढे इंधन त्यांच्याजवळ उरत नसे. सिम्युलेटरमध्ये टाकी पूर्ण भरून झुंज खेळणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही. पुढच्या मोहिमेत प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम दहा मिनिटांचेच इंधन देऊन पाहावे; सगळा डावच बदलतो.

पुस्तक मिळवायचे कोठून

ही पुस्तके इंग्रजीत आहेत, त्यांतील बरीचशी परदेशात छापलेली आहेत आणि शॉ यांच्यासारख्या ग्रंथाची नवी प्रत आपल्याकडच्या मानाने महाग पडते. पहिला मार्ग म्हणून गावातल्या वाचनालयात विचारावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आहे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून चालत आले आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांनी त्याचे मोठे नुकसान केले, तरी ते पुन्हा उभे राहिले. असे विशेष विषयावरचे पुस्तक तिथल्या कपाटात आयते सापडेल, अशी अपेक्षा धरू नये. मात्र चार-पाच सभासदांनी मिळून लेखी मागणी केली, तर नव्या खरेदीच्या वेळी तिचा विचार होऊ शकतो. युद्धेतिहासाच्या पुस्तकाला सिम्युलेटर न खेळणारेही वाचक असतात, त्यामुळे जगन मोहन-चोप्रा यांच्या पुस्तकांपासून मागणी सुरू करावी.

दुसरा मार्ग जुन्या पुस्तकांचा. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील विक्रेत्यांकडे १९८० च्या दशकातील विमानांवरची मोठ्या आकाराची ब्रिटिश पुस्तके अजून दिसतात. बिल गन्स्टन आणि माइक स्पिक यांचे ‘मॉडर्न एअर कॉम्बॅट’ (१९८३) त्यांतलेच आहे. त्यातील विमानांची माहिती आज जुनी झाली असली, तरी हालचालींच्या रंगीत आकृत्या नवशिक्याला फार उपयोगी पडतात. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमानी नातेवाइकाला पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव, शक्य तर मुखपृष्ठाचे छायाचित्र पाठवून ठेवावे. नुसते ‘विमानाचे पुस्तक’ असे सांगितले, तर प्रवासी विमानांचे सचित्र पुस्तक घरी येण्याची शक्यता जास्त. तिसरा मार्ग इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळाचा आहे. तिथे काही जुनी पुस्तके ठरावीक मुदतीसाठी वाचायला मिळतात.

पुस्तक हाती आल्यावर ते कादंबरीसारखे सलग वाचत सुटू नये. एक आकृती घ्यावी, तिच्यातील उंची आणि वेग सिम्युलेटरच्या मिशन एडिटरमध्ये (आपला प्रसंग स्वतः रचण्याच्या सोयीत) तसेच्या तसे भरावेत आणि एवढाच प्रसंग पुन्हा पुन्हा उडवावा. संगणकाचा वैमानिक पुस्तकातल्यासारखा वागेलच असे नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा समोर मित्र घ्यावा आणि त्याने ठरलेलेच वळण घ्यायचे, असे आधी ठरवून ठेवावे. नंतर टॅकव्ह्यू या प्रणालीत ती नोंद उघडावी. डीसीएस, फाल्कन बीएमएस आणि आयएल-२ या तिन्हींच्या उड्डाणांची नोंद तिच्यात पाहता येते आणि तिची प्राथमिक आवृत्ती विनामूल्य आहे. दोन्ही विमानांचे मार्ग वरून आणि बाजूने पाहिले, की आपले नाक कोणत्या सेकंदाला उशिरा उचलले गेले, हे पुस्तकातील आकृती शेजारी ठेवून बोटाने दाखवता येते. त्या सेकंदाच्या आकड्यासह वहीत मराठीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग उडवताना त्या ओळी पुस्तकाच्या पूर्ण प्रकरणापेक्षा लवकर उपयोगी पडतात.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा हाच अभ्यास टेबलावर करावा. थॅच यांच्याप्रमाणे काडेपेटीतील चार काड्या घ्याव्यात, दोन आपल्या आणि दोन शत्रूच्या, गुलाच्या टोकाला विमानाचे नाक मानावे आणि प्रत्येक चालीला सगळ्या काड्या एकदम, एकेक सेकंद पुढे सरकवाव्यात. सरकवताना वेगवान विमानाच्या काडीला जास्त अंतर आणि मोठे वळण द्यावे. शॉ यांच्या दोनास दोन लढतीच्या प्रकरणातील आकृत्या या पद्धतीने मांडून पाहिल्या, तर आपला जोडीदार नेमका कोणत्या चालीला आपल्या मदतीला पोहोचू शकत नाही, ते वीज येण्याच्या आधीच लक्षात येते.